दोन बोटं

हतनूरच्या फुगवट्यात
ताराचंद भोईची, लांबट टाक्यांवरची बोट.
मागे मोटर. नुसती बोंबलते,
बोट जागची हलत नाही.

"भो, पंखा पाणी कापतच नाही,
वारा पिऊन राह्यला,"
इच्छाराम म्हणतो. भुसावळच्या लोको शेडात
तीस वर्षं, पाण्यावर पहिल्यांदाच.
फळीखालचा सागाचा गुटका काढतो.
मोटर दोन बोटं खाली.

आवाज बसला.
पण मागून तुषार, दोघांच्या पाठी चिंब,
आणि फाळ खोल गेलेल्या नांगरासारखी
बोट जड.

एक बोट वर.
खीळ दुसऱ्या भोकातून तिसऱ्यात.
आता नाक आभाळाला,
समोरचा काठच दिसेना.
चौथं भोक तर विचारूच नका.

इतका वेळ काठावर उभी मैनाबाई
काही न बोलता चढते,
केळीचे दोन घड घेऊन
अगदी पुढच्या कडेला बसते.

बोट सपाट.
पंख्यामागे पाण्याची एकच सरळ शिवण.
इच्छाराम खडूने खूण करतो.

पलीकडे ती उतरते, घडांसकट.
नाक हळूच वर.
इच्छाराम खिशात पाना चाचपतो.

"राहू दे," ताराचंद म्हणतो,
"चारला येईल ती."