बारावं कार्ड

सारडा सर्कलच्या मागे शकूर कोकणींनी
बारा नेटवर्क कार्डं किलोवर मोजून दिली.
अंबडची कुठलीशी कंपनी बंद पडली, म्हणाले,
चालली तर चालली,
नाहीतर सोनं काढणारा येतोच बुधवारी.

सातपूरच्या आमच्या लॅबमध्ये
अकरा लागली, विनातक्रार.

कर्नल उठतो
(देवळालीतला नव्हे, यंत्राच्या पोटातला),
अंग झाडतो, हजेरी घेतो:
डिस्क, आहे. कीबोर्ड, आहे.
पंख्याला विचारावं लागत नाही, तो ओरडतोच.
नेटवर्क?
तिथे पडदा गप्प.

मी कार्ड उपसलं, खोडरबराने
त्याचे पिवळे दात घासले,
शेजारच्या खाचेत बसवलं, पुन्हा पहिल्या.
खाचांच्या यादीत ते दिसतं तर खरं:
चार अंक कारखान्याचे, चार स्वतःचे,
आणि नावाच्या जागी, अनोळखी उपकरण.
म्हणजे आहे. बसलंय. वीज पितंय.
त्याला हाक मारणारं कुणी नाही एवढंच.

साडेनऊला कौतिकराव टॉर्च घेऊन आले.
मॅडम, रात्री थांबणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव नाही.
मी समोर बसलेय ना, म्हटलं.
ते दिसतंय, म्हणाले, पन कागदावर नाही.
मग खुर्ची ओढली, खिशातलं पेन काढलं,
आणि प्राचार्यांच्या सहीच्या वर
जेमतेम फट होती तिथे
मुंगीच्या पायांसारखं लिहिलं: हेमलता पगार.
आडनाव खरंच पगार?
हो, म्हटलं. आडनावातच आहे तेवढा.

ते गेले. फट मात्र डोळ्यांपुढे राहिली.

ड्रायव्हरची फाईल उघडली.
वरच कुणीतरी, कुठल्या देशातलं कोण जाणे,
लिहून ठेवलं होतं:
या चिपचे कागद कंपनीने दिले नाहीत,
चाचपडत लिहिलंय, चुकलं तर सांगा.
तीच चिप. तेच पाय.
फक्त पाठीवर शिक्का दुसऱ्याचा.
टेबलात सोळा ओळी होत्या, मी सतरावी घुसवली.
स्वल्पविराम विसरले. कंपायलर खेकसला.
दिला बाबा स्वल्पविराम.

जुनं मॉड्यूल काढून नवं चढवलं
आणि लॉगमध्ये एक साधी ओळ उमटली.
कार्डाने आपला पत्ता सांगितला, सहा जोड्यांचा,
न अडखळता.
कंपनीला कुलूप लागलं तेव्हाही तो त्याच्यापाशीच होता,
शकूरभाईंच्या काट्यावरही होता.

लगेच खाली दुसरी ओळ: लिंक नाही.

पोटात गोळा आला.
मी वायर बदलायला उठले आणि अडखळले,
वायर माझ्याच चपलेखाली होती,
तिचं टोक कशातच नव्हतं.

खट्ट.
आधी नारिंगी, मग हिरवा,
मग हिरवा उडत राहिला
डोळ्यात कुसळ गेल्यासारखा.

फाटकाशी कौतिकरावांनी रजिस्टर पुढे केलं.
निघण्याची वेळ, पावणेएक.
शेऱ्यात काय लिहू?
लिहा, म्हटलं,
बारा.