दोन-चार

नऊ वाजून दहा मिनिटांनी
शिशाच्या भिंतीआडून उतरवलं गॅलियम.
चार मिलिलिटर. दिसायला पाणीच.
आता घड्याळ माझं नाही, त्याचं:
अडुसष्ट मिनिटांत अर्धं.

कुपीत संप्रेरक वाट बघतंय –
म्हणजे खरंखुरं नव्हे, त्याचा मावसभाऊ,
रक्तात जरा जास्त टिकणारा.
त्याला एकच शब्द येतो: थांब.
वाढीला थांब, पाझराला थांब.
आणि मी त्याच्या पाठीला बांधतेय
क्षणभरही न थांबणारा अणू.

पंचाण्णव अंश, दहा मिनिटं.
लातूरची वीज तेवढा वेळ टिकली
हेही नोंदवहीत लिहायला हवं खरं तर,
पण तो रकाना नाही.

बाकावर हलीमाबी मणियार,
उदगीरच्या चौबाऱ्यातून पहिल्या एस्टीनं आलेल्या.
सहा वर्षं त्यांचा चेहरा मध्येच लालबुंद होतो.
गिऱ्हाइकं म्हणायची, मणियारीण तापट झाली.
डॉक्टर म्हणाले, वय.
सून म्हणाली, माझंच काही चुकलं असेल.
"राग नव्हताच की ओ माय," त्या मला म्हणाल्या,
"पर एवढे जण म्हणायलेत म्हणल्यावर
मी रागवायबी शिकले."

पट्टीवर तपासलं: सत्त्याण्णव टक्के बांधलं गेलंय.
तीन टक्के मोकळं. चालतं.

सुई काढली, हातमोजे उतरवले,
तर त्यांची नजर माझ्या बोटावर.
"ही कसली अंगठी? ना खडा, ना नक्षी."
किरणं मोजते, म्हटलं. तीन महिन्यांनी तपासायला पाठवतात.
"ढिली हाय. आन् बांगडी तुला दोन-चार लागंल,
आण बघू हात –"

मी मागे सरले.
नियमच आहे,
आता त्यांच्यातूनच किरणं येत होती.
त्यांचा हात तसाच राहिला हवेत,
न फुटू देता काच चढवणारा,
तळवा वर.

पडद्यावर प्लीहा उजळ, मूत्रपिंडं उजळ, ते ठरलेलंच.
आणि आतड्याच्या एका वळणावर
वाटाण्याएवढं काहीतरी, लख्ख.
यकृतात आणखी दोन.
मी काही म्हणायचं नसतं. डॉक्टर सांगतील.

नातीला आज जवळ घेऊ नका, एवढंच सांगितलं.
एस्टी नळेगावला पोचेस्तोवर उरलेल्यातलं अर्धं,
उदगीरला त्याहून कमी,
आणि सकाळी नात उठेल तेव्हा
नुसत्या हलीमाबी.

"दोन-चार," त्या दारातून म्हणाल्या,
"ध्यानात ठिवते."