पान सतरा

सावद्याच्या रस्त्यावर फिरके काट्याची केबिन.
कूलरमध्ये पाणी नाही, भरायला मीच उठले होते मघाशी.
टेबलावर पुस्तक, पान सतरा,
संक्रांतीपासून.

सतराव्या पानावर एक माणूस जिना चढतोय, हातात कंदील.
कंदिलावरून काच, काचेवरून बांगड्या,
बांगड्यांवरून वासंतीमावशीचं लग्न, तिथल्या पंगतीत
मीठ वाढायचं विसरलेली मी.
परत येते तेव्हा तो तसाच,
एक पाय वरच्या पायरीवर.
पोटऱ्या भरून आल्या असतील बिचाऱ्याच्या.

केळीचा ट्रक येतो.
इंजिन चालू असलं की आकडा ठरत नाही:
सोळा हजार चारशे वीस, साठ, दहा, परत वीस.
‘दादा, गाडी बंद करा!’
शिंदखेड्याचा ड्रायव्हर चावी फिरवतो. ‘बहिन, कितलं व्हयनं?’
आकडा बसतो. गप्प. एका सेकंदात.
मी त्या सेकंदाकडे बघत राहते
आणि पावतीवर घालते कालच्याच ट्रकचा नंबर.

महिन्यात तिसऱ्यांदा.
फिरकेशेठ रागावत नाहीत, नुसता चष्मा काढतात.
रागावलेले परवडले असते.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर नाव लिहून दिलं
माझ्या एक्केचाळीस वर्षांचं.
आईला वाचून दाखवलं. ती शेंगा फोडत होती.
‘आम्ही त याले धांदरट म्हनत व्हतो.’
मग उठली, दारापर्यंत गेली, थांबली.
‘मी कशाले उठली व्हती गं?’
दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

मार्चमध्ये एका रात्री
काट्याचा कोरा रोल घेऊन बसले,
लिहीत गेले, उलगडत गेले.
दूध जळालं, टाकी वाहून अंगणात चिखल,
शेजारची कमल दार बडवून गेली म्हणे.
पहाटे रोल संपला तेव्हा कळलं, पाय सुन्न आहेत.
एकही शब्द खोडलेला नव्हता.

कुणाला तरी दाखवायचा म्हणून स्कूटीच्या डिकीत ठेवला.
आणि विसरले.

मे महिना. डिकी उघडली
तर उन्हानं अख्खा रोल काळाभोर.
त्या कागदाला उष्णता सोसत नाही, हे मला माहीत होतं,
रोज तोच तर फाडते.

उन्हात तिरका धरला.
शाई नाही, पण पेनाचे वळ होते.
बोट फिरवत, एकेक अक्षर, चार ओळी वाचल्या,
मध्ये कुठेही न जाता.
पाचवीत एक कंदील होता.

काट्यावर हॉर्न वाजत होता.