अजून माझ्याच नावावर

शोरूमच्या पोरानं गाडी सुरूसुद्धा केली नाही.
टॅबवर बोट फिरवत भोवतीनं एक चक्कर मारली,
टायरला बुटाची टोच लावली,
टाकीवरच्या पोचाचा फोटो काढला.
म्हणाला, काका, व्हिक्टर, मॉडेल दोन हजार तीन,
सिस्टीम नऊ हजार दाखवतीय,
वर एक्स्चेंज बोनस तीन. बारा झाले.
कागदाचं सगळं आमच्याकडं लागलं,
तुम्ही किल्ली द्यायची आणि विसरून जायचं.

विसरून जायचं, हे त्यानं
पहिली सर्व्हिस फ्री असल्यागत सांगितलं.

मागच्या शेडात जुन्या गाड्या लायनीत,
सगळ्यांची हँडलं एकाच बाजूला वळवलेली,
सीटवर खडूनं आकडे.
वाईच विचार करतो म्हणालो, आणि निघालो.

मालन म्हणाली, कसला विचार?
लोखंडच की ते.
बरोबर होतं तिचं.
उद्यमनगरात एकतीस वर्षं लोखंडच कातलंय मी.

पुतण्यानं मोबाईलवर फोटो टाकला.
रात्रीपर्यंत अकरा फोन,
आणि हॅलोच्या आधी, 'लास्ट किती?'
एकजण गळ्यात साखळी घालून आला, किक मारली,
कान तिरका करून म्हणाला, पिस्टन गेलाय.
तो बोअर मी माझ्या हातानं मारलाय, बाबा.
चहा पिऊन गेला.

रविवारी मुरगूडहून एसटीनं तौसिफ मुजावर आला,
खेडोपाडी खारी-टोस्ट टाकतो म्हणाला.
'चक्कर मारून बघू, मामा?'
'बघ की. पण ठेव काय ठेवतोस?'
त्यानं खिसे चाचपले, लायसनची झेरॉक्स निघाली, तीही फाटकी.
मग बरोबरच्या धाकट्या भावाला पायरीवर बसवलं.
'ह्याला ठेवतो.'

पोरगं आठ-नऊ वर्षांचं.
मालननं चहा-बटर दिलं, त्यानं चावून सांगितलं,
'ही आमच्यातली न्हाई.'
दहा मिनिटं झाली. वीस.
तो निवांत पाय हलवत होता,
घाम मला फुटलेला.

मग बोळाच्या तोंडाशी आवाज आला
आणि ध्यानात आलं,
बावीस वर्षांत मी तिला येताना कधी ऐकलंच नव्हतं.
ऐकायची ती मालन,
आवाज आला की तवा ठेवायची.

त्याला सगळं सांगितलं.
चोक अर्धाच ओढ.
तिसरा टाकताना थांब, दम खाऊ दे तिला.
पेट्रोलचा काटा खोटं बोलतो.
डावा इंडिकेटर पन्हाळ्याच्या घाटात गेला,
परत लावला नाही, हात दाखवायचो.
प्रत्येक वाक्याला हजार-पाचशे उतरत होते,
हे मालन दारातनं डोळ्यांनी मोजत होती.

साडेदहा हजार दिले त्यानं.
निम्म्या दहा-वीसच्या नोटा, टोस्टच्या वासाच्या.
'पाचशे पुढच्या महिन्यात, मामा.'
एकोणतीस, तीस, दोन्ही फॉर्मवर सह्या केल्या.
'नाव लगेच करून घे हां.'
'करतो की.'

धाकटा मधे बसला, टाकीला धरून,
मागं वळूनही बघितलं नाही त्यानं.

दोन महिन्यांनी मोबाईल वाजला. चलान.
कागल नाका, सकाळी सहा सत्तावन्न,
विना हेल्मेट, रुपये पाचशे, मालकाच्या नावे.
मालक मी.

मालन म्हणाली, शोरूमला दिली असती तर…
पुढचं बोललीच नाही, तिला बोलायची गरजही नव्हती.
तौसिफला फोन लावला, उचलला नाही.
ते पाचशेही यायचेत अजून.

चलानाबरोबर फोटो असतो.
बोटांनी ताणून मोठा केला.
मागं खारीचे ट्रे, दोरीनं आवळलेले,
मधे धाकटा, गालाची एक बाजू फुगलेली,
काहीतरी खात असणार.
आणि डावा इंडिकेटर,
नवाकोरा, पिवळा,
चालू.