उष्टं

गावाच्या पाठीला रान आहे.
रान म्हणजे दगडच,
समुद्र मागं सरला तेव्हा उघडं पडलेलं प्रवाळ,
चालणाऱ्याच्या चपला खाणारं.
झाडं उगवलीत त्याच्या भोकाभोकांतून,
मातीची वाट न पाहता.
झांझिबारच्या या दक्षिण टोकाला
वुआई मचा जाळं लावायचा.
आठ माणसं, बारा कुत्री, डबे बडवत हाका.
बहिणीच्या, बिहिंदीच्या लग्नात
सात शिजली नारळाच्या दुधात.
सात, म्हणतो तो,
आणि पुढं काही म्हणत नाही.

आता गावानंच रान मिटून घेतलंय.
जाळ्यात कोंबडी अंडी घालते.
वुआईकडे एक वही, दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल,
आणि तीन रकाने:
दिसलं. लेंड्या. काही नाही.

पहाटे तो माकडांच्या खाली जाऊन बसतो.
माकडं वर जेवतात, म्हणजे निम्मं सांडतात.
एक घास चावून फूल टाकलं,
कोवळं पान तोडलं, नको झालं, टाकलं.
खाली पा नुंगा त्या उष्ट्यावर जगतं.
करडाएवढं, तांबूस,
ढुंगणावर पांढरा पट्टा,
नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीला
टेकून उठल्यासारखा.

आज फुलं पडली.
पडून राहिली.
मुंग्या आल्या.
कुठंतरी एक शिंक वाजली, की फांदी?
तो अर्धा तास मानही न वळवता बसला,
गुडघा बधिर झाला,
माकडं पुढच्या झाडावर गेली.
वहीत त्यानं लिहिलं: काही नाही.

घरी ओट्याखाली शोका पडलेली.
त्या बारांतली उरलेली एक,
दात नाहीत, डोळ्यांत सारा.
कुत्र्यांना रानात बंदी आहे,
तिलाही, आणि तिला ते कुणी सांगितलेलं नाही.
तीन दिवस ती भाकरीसाठीही उठली नव्हती.

वुआईनं पाय धुवायला तांब्या उचलला
तर ती उठली.
त्याच्या पोटरीला नाक लावलं,
चपलेला, मग परत पोटरीला.
पाठीवरचा केस न् केस उभा,
एक पाय उचललेला, हवेत थरथरणारा.

त्यानं तांब्या खाली ठेवला.
पाय धुतले नाहीत.
वही काढली, थुंकी लावून
आजची ओळ पुसली.
दिसलं, या रकान्यावर पेन्सिल टेकवली
आणि तशीच धरून राहिला,
शोका हुंगत होती तोवर.