जर्दाळूची बी

तुर्भ्याच्या मिरचीगल्लीत
सव्वीस वर्षं पोती वाहिली अण्णांनी.
पोती सुटली.
ठसका काही पाठीवरून उतरला नाही.

गाळ्यावरचे मेहता म्हणाले,
चिनी वैद्य खोकल्याला जर्दाळूची बी देतात, कडू.
मोजून हां शेलार,
जास्त झाली तर विष.
आणि पावशेर जर्दाळू बांधून दिले, पैसे न घेता.

घणसोलीच्या उंबऱ्यावर
आई वरवंट्यानं एकेक आठळी फोडते,
आतली बी आधी स्वतः चावून बघते.
गोड.
हीपण गोडच.

"काय गं," अण्णा आतून,
"औषधापुरतीसुद्धा कडू निघंना?"
हसले,
हसण्याचा ठसका झाला.

वरवंटा तसाच हातात धरून
तो थांबेपर्यंत
आई मोजत राहिली.