बिनवासाचा सदरा

लुमाण्णा गावडा आला तेव्हा मी जांबोटीच्या घाटावर
मास्तरांच्या धोतराला नीळ देत होतो.
म्हणाला, भरमाण्णा, ह्यातला माणूस काढून दे की गा.

गठुळ्यात एक सदरा, एक तुमान,
दोन्ही शेवंताक्काच्या शापुरी लुगड्यातून बेतलेली.
वीस वर्षं माझ्याच दगडावर आपटलेलं लुगडं,
इतकं विरलेलं, की सबंध सदरा मुठीत मावावा.
काठ तेवढे तिनं उसवून घेतले होते,
आणि आठ दिवस नवऱ्याशी बोलली नव्हती.

आधी त्यानं खडेबाजारातून खाकी ड्रिल आणलेलं.
चालताना मांडीला मांडी घासली की ते बोलायचं,
दवात भिजलं की शेरभर जड व्हायचं.
मग पलटणीतल्या मेव्हण्यानं नायलॉनचा शर्ट दिला.
हलका, खोटं का बोला.
पण आत घाम कोंडून तासाभरात
माणसाचा बोकड व्हायचा.

गवा डोळ्यानं अधू असतोय गा, लुमाण्णा म्हणाला,
पण नाकानं तलाठी.
कोण आलं, कुठनं आलं, काय खाऊन आलं,
सगळं वाऱ्यावरनं उतरून घेतोय.

मला हे सांगायला नको.
मास्तरांच्या बाहीला तपकीर, वाण्याच्या खिशाला हिंग,
चोर्ल्याच्या वाटेनं काजूची दारू कोण आणतो
ते पोलिसाआधी मला कळतं.
गव्याला शिंगं आहेत, मला गाढव आहे,
धंदा एकच.

साबण नाही. रिठा नाही. नीळ तर नाहीच.
केळीच्या खुंटाची राख, तिची तीनदा गाळलेली निवळी.
मग हिरड्याच्या पाण्यात, गंजक्या फाळासकट, रात्रभर,
तोवर लुगड्याची अंजिरी जाऊन
पावसाळी खडकाचा रंग आला.
घरच्या दोरीवर वाळत घालायची सोय नव्हती,
तिथं चूल, शेळी, माझी पोरं.
नदीपलीकडं करवंदीच्या जाळीवर टाकला,
काठीनं उचलला,
कोऱ्या मडक्यात जांभळीच्या पाल्यात दाबून ठेवला.
हात लावला नाही.
स्वतःच्या पोराला इतकं जपून
मी कधी आंघोळ घातली नसेल.

लुमाण्णानं चार दिवस तंबाखू सोडली,
कांदा सोडला, डोक्याचं तेल सोडलं.
शेवंताक्का तेव्हा पहिल्यांदा बोलली:
माझ्यासाठी एक दिवस सोडली असतीस तर.

भात पिकून पिवळं झालं होतं.
गव्यानं दोन शेतं लोळवून झाली होती,
तिसरं ह्याचं.
ठासणीची बंदूक घेऊन तो माचावर चढला
त्या रात्री मला उगाच जाग आली.

चौथ्या दिवशी कपडे परत.
तो नाही आला, पोराकडून पाठवले.
मी विचारत नसतो कुणाला काही. कपडा उलटा करतो.
उजव्या खांद्याला दारूचा वास नाही. म्हणजे उडवली नाही.
पाठीला शेवाळाचा सरळ ओरखडा,
म्हणजे मागं सरकून झाडाला टेकला.
आणि छातीला घाम,
नांगरटीचा नव्हे, तो आंबट असतो.
हा पातळ, थंड, नाण्यासारखा.

तुमानीच्या नेफ्याला बोट लागलं तर काहीतरी टोचलं.
आत शिवलेली पुडी, चिंधीची.
कणकुंबीच्या माउलीचा अंगारा.
उघडायच्या आधीच ऊद नाकात गेला,
ऊद, आणि तिच्या हातची हळद.

च्याच्या टपरीवर लुमाण्णा सांगत होता:
दहा हातांवर आला गा, डोंगराएवढा.
मी नाही असाच उभा होता.
मग वारा फिरला, त्यानं नाक वर केलं, एकदा फुसकारला,
आणि गेला उतारानं.
कुठं चुकलं देव जाणे.

मी बशीत च्या ओतला.
फुंकर घातली.

घरी येऊन पुडी बाजूला ठेवली,
तुमान धुतली, वाळवली,
पुडी परत नेफ्यात सरकवून
तिच्याच जुन्या भोकांतून टाके घातले.

शेवंताक्कानं कपडे मोजून घेतले.
नेफ्यावरून अंगठा फिरवला, एका जागी थांबला,
माझ्याकडं बघितलं नाही.

त्या साली गावड्याच्या घरचं बलुतं
पायलीभर जास्त आलं.